दूधसागर: आधी पाणी कुठून बघायचं ते ठरवा, तारीख आपोआप ठरेल

प्रश्न थोडक्यात असा आहे: पुण्याचं पाच जणांचं कुटुंब, त्यात साठी उलटलेले आईवडील आणि नऊ वर्षांची मुलगी. गोव्यातला दूधसागर बघायचा आहे. जुलैत जावं की दिवाळीच्या सुट्टीत? रुळांवरून चालत जाता येतं का? आणि जीपचा नेमका प्रकार काय असतो?

आधी एक गोष्ट स्पष्ट करायला हवी, कारण बहुतेकांची फसगत तिथेच होते. दूधसागर ज्या दिवसांत सगळ्यात भरलेला असतो, त्या दिवसांत त्याच्या पायथ्याशी जाता येत नाही. आणि ज्या दिवसांत पायथ्याशी जाता येतं, तेव्हा तो फोटोतल्यासारखा अख्खा डोंगर पांढरा करून कोसळत नसतो. जुलैचं पाणी बघायचं असेल तर ते रेल्वेच्या खिडकीतून, दोन-चार मिनिटं. पायथ्याच्या डोहाशी उभं राहायचं असेल तर ऑक्टोबर उजाडावा लागतो आणि जीप घ्यावी लागते. या दोन सहली वेगळ्या आहेत. एकाच फेरीत दोन्ही साधायला गेलेले लोक हमखास नाराज होऊन परततात, नाहीतर रुळांवर उतरून अडचणीत येतात.

असं का होतं ते समजून घेतलं तर तारीख निवडणं सोपं जातं. धबधबा सुमारे ३१० मीटर उंचीचा आहे आणि चार टप्प्यांत उतरतो. त्याला पाणी पुरवणारा भाग घाटमाथ्यावर, कर्नाटकाच्या हद्दीत कॅसलरॉकच्या बाजूला आहे, आणि तो काही फार मोठा नाही. त्यामुळे पाऊस लागला की प्रवाह काही तासांत फुगतो आणि उघडीप मिळाली की तितक्याच लवकर उतरतो. जुलै-ऑगस्टमध्ये मातीसुद्धा पाण्याने तुडुंब असते, तेव्हा उतार जाणवत नाही. ऑक्टोबरमध्ये परतीचा पाऊस झाला तर धार पुन्हा रुंद होते. जानेवारीपासून ती आकसत जाते, आणि मार्च-एप्रिलमध्ये खडकावर एक-दोन बारीक धारा उरतात. हेच पाणी पुढे खांडेपार नदीतून मांडवीला मिळतं. जीपचा रस्ता या नदीचं पात्र ओलांडत जातो. म्हणजे धबधब्यात भरपूर पाणी असेल तर रस्त्यातही भरपूर पाणी असणार. पावसाळ्यात जीप बंद असतात त्या एवढ्याच साध्या कारणाने. जीप सुरू होण्याची तारीखही पंचांगावर नाही, पात्रातल्या पाण्यावर ठरते. साधारण ऑक्टोबरच्या सुरुवातीला वाहतूक सुरू होते, पण परतीच्या पावसाने जोर केला तर मध्येच एक-दोन दिवस थांबूही शकते.

तुमच्या कुटुंबासाठी ऑक्टोबरचा दुसरा पंधरवडा ते नोव्हेंबरअखेर हा काळ सगळ्यात चांगला. पाणी भरपूर, रस्ता बऱ्यापैकी बसलेला, जळवा कमी झालेल्या. फक्त दिवाळीचे चार-पाच दिवस आणि शनिवार-रविवार टाळा. जीपच्या संख्येवर रोजची मर्यादा असते, आणि सुट्टीच्या दिवशी सकाळी नऊला पोचलेल्या माणसाला दुपारपर्यंत ताटकळावं लागतं किंवा हात हलवत परतावं लागतं. मंगळवार-बुधवार निवडलात तर तोच धबधबा अर्ध्या गर्दीत बघायला मिळतो.

आता रुळांचा प्रश्न. उत्तर 'नाही' असं आहे, आणि त्यात पळवाट नाही. गोव्यातलं पायथ्याचं कुळे स्थानक ते कॅसलरॉक हा सुमारे २६ किलोमीटरचा ब्रागांझा घाट. पोर्तुगीज काळात, १८८० च्या दशकात बांधलेला. चढ ३७ ला १, म्हणजे ३७ मीटर पुढे गेलं की रूळ एक मीटर वर चढलेले. एका बाजूला कातळ, दुसऱ्या बाजूला दरी, मध्ये बोगदे, आणि बऱ्याच ठिकाणी रुळाशेजारी माणूस सुरक्षित उभा राहील एवढीही जागा नाही. उतारावरून येणारी मालगाडी चालकाला दिसलं म्हणून जागच्या जागी थांबत नाही. भर पावसात पाण्याच्या आवाजापुढे भोंगा ऐकू येत नाही, आणि धुक्यात पन्नास मीटरवरचं दिसत नाही. रेल्वे कायद्याच्या कलम १४७ खाली रुळांवर विनापरवाना वावरणाऱ्याला सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा हजार रुपयांपर्यंत दंड, किंवा दोन्ही होऊ शकतं. जुलै २०२३ मध्ये रुळांवरून निघालेल्या शेकडो लोकांना पोलिसांनी अडवून माघारी पाठवलं होतं. 'आम्ही नेतो, काही होत नाही' असं सांगत पावसाळी ट्रेकचे पैसे गोळा करणारे दर वर्षी भेटतात. त्यांना एकच विचारायचं: वनखात्याचं आणि रेल्वेचं लेखी परवानगीपत्र दाखवता का? नसेल तर विषय संपला. पावसाळ्यात अभयारण्यांतल्या धबधब्यांवर जाण्याविषयी वनखातं वेळोवेळी आदेश काढतं आणि ते बदलतात, म्हणून मागच्या वर्षीच्या माहितीवर विसंबून राहू नका.

पावसाळ्यातलंच पाणी बघायची ओढ असेल, आणि ती समजण्यासारखी आहे, तर पुणेकरांसाठी उत्तम वाट म्हणजे वास्को–हजरत निजामुद्दीन गोवा एक्सप्रेस, क्रमांक १२७७९. ही गाडी दुपारी तीनच्या सुमारास वास्कोहून निघते आणि मडगाव, कुळे, कॅसलरॉक, लोंढा, बेळगाव, मिरज करत पहाटे पुण्याला येते. घाट ती दिवसाउजेडी चढते. उलट दिशेची १२७८० हाच घाट पहाटेच्या अंधारात उतरते, त्यामुळे जाताना तिच्यातून काही दिसेल अशी आशा ठेवू नका. म्हणून जाताना कोकण रेल्वेने किंवा रस्त्याने जावं आणि येताना घाटातून यावं. तिकीट काढण्याआधी त्या महिन्याची वेळ तपासा, पावसाळ्यात वेळापत्रक सरकतं.

गाडीत शयनयान डबा घ्या. वातानुकूलित डब्याच्या काचा बंद असतात, बाहेरून पाणी ओघळत असतं आणि आत वाफ धरते, मग दिसतो तो पांढरा धुरळा. कुळ्याला गाडी थांबते तेव्हा चढासाठी मागून जादा इंजिनं जोडली जातात. तिथून पुढे गाडी सावकाश चढते. धबधब्यापुढच्या रेल्वेपुलावर आलात की एका अंगाला डोक्यावर कोसळणारं पाणी आणि दुसऱ्या अंगाला तेच पाणी खाली दरीत उतरताना दिसतं, तेव्हा दोन्ही बाजूंच्या खिडक्या कामाच्या आहेत. मुलीला खिडकीशी बसवा, दारात नको. दाराच्या दांडीला धरून बाहेर झुकणं हा तिथला सगळ्यात मूर्ख अपघात आहे. कठडे आणि कातळ गाडीच्या अगदी जवळून जातात. दूधसागर नावाचं स्थानक घाटात आहे, पण गाडी तिथे तांत्रिक कारणासाठी थांबली तरी उतरायचं नाही. आणि एक सत्य मनाशी धरून ठेवा: जुलैत कधी कधी पुलावर ढग उतरलेला असतो आणि फक्त आवाज ऐकू येतो. त्याला काही इलाज नाही.

आता जीपची सहल, तुमच्यासाठी मी तीच सुचवेन.

पुण्याहून रस्त्याने येणार असाल तर कोल्हापूर, बेळगाव, खानापूर, लोंढा, रामनगर, अनमोड घाट, मोले असा मार्ग. पावसाळ्यात आणि त्यानंतरच्या काही आठवड्यांत अनमोड घाटाची स्थिती आदल्या दिवशी विचारून घ्या, दरड आणि खचलेला रस्ता या तिथल्या नेहमीच्या गोष्टी. मोले नाक्यावर अबकारी तपासणी होते. मोल्याहून कुळे पाच-सहा किलोमीटर. पणजीहून मोले साठेक किलोमीटर पडतं, फोंडा–धारबांदोडामार्गे. कळंगुटला मुक्काम ठेवून पहाटे निघायचा बेत नऊ वर्षांच्या मुलीला घेऊन करू नका. आदल्या रात्री मोले किंवा कुळे भागातच राहा. सहलीचं अर्धं यश या एका निर्णयात आहे.

जीप कुळ्याहून सुटतात, तिकीटखिडकी स्थानकाजवळच आहे. स्वतःची गाडी आत नेता येत नाही. एका जीपमध्ये सात प्रवासी बसवतात आणि भाडं जीपचं असतं, ते सातांत विभागलं जातं. तुम्ही पाच आहात. म्हणजे आणखी दोघांची वाट बघायची, किंवा सातही जागांचे पैसे भरून लगेच निघायचं. आईवडिलांसाठी दुसरा पर्याय मला योग्य वाटतो: खर्च थोडा वाढतो, पण तासभर उभं राहणं वाचतं आणि कोणी कुठे बसायचं ते तुमच्या हातात राहतं. भाड्याखेरीज अभयारण्याचं प्रवेशशुल्क माणशी, कॅमेऱ्याचं शुल्क आणि लाइफ जॅकेटचं भाडं वेगळं असतं. खिडकीवर चारही रकमा वेगवेगळ्या विचारा म्हणजे नंतर गोंधळ होत नाही. रोख पैसे आणि प्रत्येकाचं ओळखपत्र जवळ असू द्या. लाइफ जॅकेट सक्तीचं आहे. घेताना त्याचे तिन्ही पट्टे लागतात का ते तिथेच तपासा. मुलीसाठी लहान मापाचं मागून घ्या, मोठं जॅकेट पाण्यात वर सरकून हनुवटीला अडतं आणि उपयोगाचं राहत नाही.

आतला रस्ता अकरा-बारा किलोमीटरचा आणि त्याला पाऊण ते एक तास लागतो. यावरून तो कसा असेल ते कळावं. दगड, मुळं, खड्डे आणि तीन ठिकाणी नदीचं पात्र. आईवडिलांना मधल्या, पुढे तोंड असलेल्या सीटवर बसवा. मागच्या समोरासमोरच्या बाकांवर चाकाचा प्रत्येक हादरा थेट पाठीच्या कण्यात जातो. ज्यांना मणक्याचं, स्लिप डिस्कचं दुखणं आहे, नुकतीच गुडघ्याची शस्त्रक्रिया झाली आहे, किंवा जी बाई गरोदर आहे, त्यांनी ही जीप टाळावी. यात भित्रेपणा काही नाही, रस्ताच तसा आहे. सीझनच्या सुरुवातीला पात्र ओलांडताना पाणी जीपच्या तळाशी शिरू शकतं, म्हणून बॅग पायाशी न ठेवता मांडीवर घ्या. मोबाइल झिपच्या प्लास्टिक पिशवीत.

जीप थांबते तिथून धबधबा अजून पाऊण-एक किलोमीटर चालत. वाट सुरुवातीला मातीची, शेवटी मोठमोठ्या गोल दगडांची. पाय मुरगळण्याच्या बहुतेक घटना इथेच होतात, आणि त्याचं कारण चप्पल. रबरी सोलचे, पकड असलेले, मागून पट्टा असलेले सॅन्डल किंवा जुने बूट घाला. ओल्या दगडावर हिरवट-काळा थर दिसला की त्यावर पाय ठेवायचा नाही, कोरडा करडा दगड शोधायचा. वडिलांना काठी द्या. त्यांना शेवटचा टप्पा जमणार नाही असं वाटलं तर आधी जिथून धबधबा दिसतो तिथे सावलीत बसवा. दृश्य तिथूनही पुरेसं भव्य आहे. आत मोबाइलला रेंज मिळत नाही, त्यामुळे जीपचा क्रमांक लिहून घ्या, परतीची वेळ चालकाशी ठरवा आणि चुकामूक झाली तर कुठे भेटायचं ते घरच्यांनी आधीच बोलून ठेवा. थांबायला साधारण तास-दीड तास मिळतो. त्यातला अर्धा तास जाण्यायेण्यात जातो हे गृहीत धरा.

डोहाबद्दल जरा सविस्तर सांगायला हवं. लोक इथे बुडाले आहेत, आणि त्यांतल्या अनेकांना पोहता येत होतं. वरून पडणारं पाणी तळाशी जाऊन पुन्हा वर उसळतं, त्यामुळे धारेच्या जवळ गेलेला माणूस आत ओढला जातो. फेसाळ पाण्यात हवा मिसळलेली असते, त्यात शरीर नेहमीसारखं तरंगत नाही. पाणी थंड असतं, पोटऱ्यांना गोळे येतात. आणि काठाशी गुडघाभर असलेला तळ एका पावलावर खोल होतो, कारण खाली खडकांच्या घळी आहेत. तेव्हा दोरीच्या किंवा जीवरक्षकांनी सांगितलेल्या हद्दीच्या आत, जॅकेट घालून, काठाजवळ. मुलगी पाण्यात असेल तोवर एका मोठ्या माणसाने फक्त तिच्याकडे बघायचं, फोटो दुसऱ्याने काढायचे. उडी मारायची नाही, कोणीही.

त्याहून महत्त्वाची खूण: ऑक्टोबरात दुपारी घाटमाथ्यावर वळीव कोसळतो आणि खाली तुमच्या डोक्यावर ऊन असतं. पाणी गढूळ व्हायला लागलं, त्यात पाचोळा-काटक्या वाहून येऊ लागल्या, धारेचा आवाज एकदम जड झाला, यांतली एक जरी गोष्ट जाणवली तरी सामान सोडून आधी काठ चढा. नंतर पात्र ओलांडायची वेळ येऊ नये म्हणून दुपारी ढग दाटायच्या आत परत निघणंच चांगलं.

म्हणून दिवसाची आखणी अशी करा. साडेसहाला खिडकीपाशी. पहिल्या जीपमध्ये जागा मिळाली तर नऊच्या आत धबधब्यावर. सकाळी पूर्वेकडच्या डोंगराची सावली धबधब्यावर असते, ऊन उशिरा उतरतं. फोटोवाल्यांना हे खटकतं, पण गर्दी नसलेला तो एक तास उन्हापेक्षा मोलाचा आहे. जो फोटो सगळीकडे दिसतो, पांढऱ्या धारेपुढून जाणारी आगगाडी, तो पायथ्यावरून मिळत नाही. तो रेल्वेमार्गाच्या बाजूने काढलेला असतो. खालून पूल वर दिसतो आणि नशीब असेल तर त्यावरून गाडी जाताना दिसते. तुषारांमुळे काच सतत ओली होते, कोरडे सुती रुमाल दोन-तीन ठेवा. ड्रोन घरी ठेवा, संरक्षित जंगलात परवानगीशिवाय तो उडवता येत नाही.

खाण्याचं काही हातात धरून चालू नका. माकडं पिशवीचा आवाज ओळखतात आणि मुलांच्या हातातून झडप घालून नेतात. तेव्हा हिसकाहिसकी करायची नाही, सोडून द्यायचं. माकडाच्या चाव्यानंतर रेबीजची लस घ्यावीच लागते. नाश्ता कुळ्यात करून निघा, सोबत पाणी आणि बंद डब्यात खजूर-चिक्की एवढं पुरे. प्लास्टिकचा कचरा परत आणायचा, दारू आत न्यायची नाही. ऑक्टोबरमध्ये ओल्या पाचोळ्यात जळवा असतात. लांब मोजे पँटवर ओढून घ्या. चिकटलीच तर मीठ लावा, उपटू नका, नाहीतर जखम चिघळते. जानेवारीनंतर जाणार असाल तर जळवांऐवजी गोचिडीची काळजी घ्यावी लागते. माकडताप हा गोचिडीतून पसरणारा आजार शेजारच्या सत्तरीत आणि आपल्या दोडामार्गात आढळलेला आहे. पाचोळ्यावर बसू नका, परतल्यावर कपडे गरम पाण्यात धुवा, मुलीच्या कानामागे आणि काखेत तपासा. पुढच्या दोन आठवड्यांत ताप आला तर डॉक्टरांना जंगलात गेल्याचं आवर्जून सांगा.

आणि जीपमधून जाताना नुसतं पुढे बघू नका. भगवान महावीर अभयारण्याचा १०७ चौरस किलोमीटरचा गाभा १९७८ मध्ये मोले राष्ट्रीय उद्यान झाला, धबधबा हा त्या जंगलाचा फक्त एक भाग आहे. उंच सरळ बुंध्याची, मगरीच्या पाठीसारख्या खवल्यांच्या सालीची झाडं दिसतील, तो ऐन. गोव्यात त्याला मत्ती म्हणतात आणि तो गोव्याचा राज्यवृक्ष आहे. गोव्याचा राज्यप्राणी गवा, तोसुद्धा याच जंगलात. शेकरू सकाळी हमखास दिसतं, चालकाला गाडी क्षणभर बंद करायला सांगितलं तर त्याचा खडखडाट ऐकू येतो. मलबारी धनेश उडताना पंखांचा आवाज आधी येतो, पक्षी मागून. या जंगलातून रेल्वेचा दुसरा मार्ग न्यायचा घाट घातला गेला होता. लोकांनी, विशेषतः गोव्यातल्या तरुणांनी, तो प्रश्न २०२० पासून लावून धरला आणि मे २०२२ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने कॅसलरॉक–कुळे दुपदरीकरणाला राष्ट्रीय वन्यजीव मंडळाच्या स्थायी समितीने दिलेली मंजुरी रद्द केली. तुम्ही ज्या झाडांखालून जाल ती त्यामुळे उभी आहेत, मुलीला हे जरूर सांगा.

बारापर्यंत कुळ्यात परत आलात की जेवून दुपारी तांबडी सुर्ल्याचं महादेव मंदिर करा. कदंबकाळातलं, काळ्या दगडातलं, शेजारी नदी आणि भोवती हेच जंगल. आईवडिलांना तिथे फारसं चालावं लागत नाही. मंदिरापलीकडे जंगलात आणखी एक धबधबा आहे, पण ती वाट लांब आहे आणि परवानगीची आहे, त्याच दिवशी तिच्या मागे लागू नका.

निघण्याच्या आदल्या संध्याकाळी मुक्कामाच्या ठिकाणी दोनच गोष्टी विचारा: आज जीप चालू होत्या का, आणि दुपारनंतर घाटावर पाऊस झाला का. पहिल्याचं उत्तर 'नाही' आलं तर सकाळी खिडकीवर जाऊन रांगेत उभं राहण्यात अर्थ नाही. तो दिवस तांबडी सुर्ल्याला द्या आणि दूधसागर दुसऱ्या दिवशी ठेवा. त्यासाठीच मुक्काम एकाऐवजी दोन रात्रींचा धरा.